शिकलेली वर्षे वाया का घालवावी?



दरवर्षी मृग नक्षत्राच्या सुमारास, एकीकडे मूग-उडीद-तुरीची पेरणी आणि दुसरीकडे कॉलेजांचे प्रवेश अशी दुहेरी घाई चाललेली असता, आमच्या धर्मग्रामातील दोन-चार कुटुंबे तरी एक ठरावीक प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. मुलगा अथवा मुलगी एका कॉलेजात वर्ष-दोन वर्षे शिकली आहे. आता काही कारणाने ते कॉलेज सोडून दुसरीकडे जाणे भाग आहे. तर आजवर जे शिकून झाले ते नवे कॉलेज धरील, की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागेल? कारणे नाना प्रकारची असतात. कोणाच्या वडिलांचे काम सुटते, कोणाची आई अंथरुणाला खिळते, कोणा मुलीचे लग्न ठरते, कोणाला वसतिगृहाचा खर्च झेपेनासा होतो. प्रश्न मात्र एकच असतो, आणि तो विचारताना आईबापांच्या चेहऱ्यावर जी चिंता दिसते ती केवळ पैशाची नसते. घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच कोणी चढलेले असते, आणि ती पायरी निसटते की काय अशी ती चिंता असते. म्हणून या खेपेस त्याच विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न सर्वत्रच पडतो. परंतु आपल्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात त्याला अधिक धार येते. भालकी, कमलनगर, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या मराठी कुटुंबांच्या सोयरिकी, बाजारहाट आणि दवाखाने अर्धे सीमेच्या अलीकडे तर अर्धे पलीकडे असतात. बीदरहून निघालेली आगगाडी भालकी आणि कमलनगर घेऊन उदगीरला पोचते. बसवकल्याणच्या माणसाला उमरगा जवळ, तर आळंदच्या माणसाला अक्कलकोट परके वाटत नाही. मराठीतून शिकता यावे म्हणून, अथवा मामाच्या किंवा आत्याच्या घरी राहण्याची सोय होते म्हणून, आपली कितीतरी मुले पलीकडच्या कॉलेजात जातात. जाताना कोणाला काही वेगळे वाटत नाही. परत यावे लागले म्हणजे मग ध्यानात येते की नकाशावरच्या त्या रेघेपाशी विद्यापीठ, अभ्यासक्रम, भाषा-विषय आणि सरकारी धोरण ही सारीच बदलतात.

किंबहुना आपल्या भागात माणूस जागचा न हलताही विद्यापीठ बदलत आले आहे. निजामाच्या राज्यात उच्चशिक्षणासाठी आपले लोक 1918 साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्याचेच तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्याकडे जाऊन उस्मानाबाद जिल्ह्यात सामील झाले; उरलेल्या बीदर जिल्ह्याचा बहुतेक भाग आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. अलीकडच्या कॉलेजांचा संबंध धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी जोडला गेला. पुढे 1980 मध्ये गुलबर्गा विद्यापीठ निघाले, आणि 2023 मध्ये बीदरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. पलीकडे 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, आणि 1994 पासून उदगीर-निलंग्याची कॉलेजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आली. उमरगा मात्र छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाखालीच राहिले, आणि अक्कलकोट 2004 पासून सोलापूरच्या विद्यापीठात गेले. सारांश, एका दिवसात जाऊन येण्याजोग्या टापूत आज पाच विद्यापीठांची हद्द येते. अशा ठिकाणच्या मुलाने कॉलेज बदलले तर विद्यापीठ बदलण्याचा संभव फार, हे उघड आहे.

पूर्वी अशा बदलाची रीत मोठी क्लेशदायक असे. जुन्या कॉलेजाचा ना-हरकत दाखला, नव्या कॉलेजाची संमती, जुन्या विद्यापीठाचे मायग्रेशन सर्टिफिकेट, नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, टी.सी. असा कागदांचा भारा गोळा करावा लागे. तो गोळा होऊनही अभ्यासक्रम सारखा नसला तर वर्ष बुडालेच. कारण जुन्या व्यवस्थेत वर्ष हे अखंड मानले जाई. दहा विषयांपैकी आठ जुळले आणि दोन जुळले नाहीत, तरी साऱ्या वर्षाची किंमत शून्य होऊ शके. यांतले पुष्कळसे कागद आजही लागतात. परंतु वर्षाकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. ती दृष्टी समजून घ्यावयाची तर 'क्रेडिट' हा शब्द नीट समजला पाहिजे. मराठीत त्याला आता 'श्रेयांक' म्हणतात.

श्रेयांक म्हणजे गुण नव्हेत. गुण सांगतात की विद्यार्थी किती चांगले शिकला. श्रेयांक सांगतो की तो किती शिकला. सहा महिन्यांच्या सत्रात आठवड्याला एक तास याप्रमाणे सुमारे पंधरा तासांचे अध्यापन झाले आणि विद्यार्थी त्या विषयात उत्तीर्ण झाला, की एक श्रेयांक त्याच्या नावे जमा होतो. प्रयोगशाळेचे काम असेल तर तोच श्रेयांक तीस तासांना मिळतो. इतिहासाचा एक विषय चार श्रेयांकांचा आहे, असे म्हटले म्हणजे त्या सत्रात सुमारे साठ तास त्याचे अध्यापन झाले पाहिजे. नापास झालेल्या विषयाचा श्रेयांक मिळत नाही. परंतु पास झालेल्या विषयाचे श्रेयांक दुसऱ्या विषयात नापास झाल्याने बुडतही नाहीत. एका वर्षास साधारणतः 40 श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीस 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस 160, असा हा हिशेब आहे. महाराष्ट्रात तो वर्षाला 40 ते 44 असा धरला जातो. आमच्या आयाबायांना आम्ही हे भिशीच्या उदाहरणाने सांगतो. दरमहा भरलेली रक्कम वहीत आपल्या नावापुढे चढते, तसा एकेक विषय एकेका नोंदीने चढतो. एखादा महिना चुकला म्हणून आधीचे भरलेले कोणी पुसून टाकीत नाही.

ही कल्पना मूळची आपल्याकडची नव्हे. अमेरिकेतील हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा निरनिराळे विषय घेणाऱ्यांच्या अभ्यासाचे माप कसे घ्यावे हा प्रश्न उभा राहिला आणि तासांवर आधारलेले माप हळूहळू रूढ झाले. युरोपात 1987 मध्ये देशोदेशींच्या विद्यार्थ्यांची ये-जा सुरू झाली आणि 1989 मध्ये एका देशात शिकलेले दुसऱ्या देशात धरता यावे म्हणून समान श्रेयांक आले. तेथे एका वर्षाचे 60 श्रेयांक धरतात. 1999 मध्ये इटलीतील बोलोन्या शहरी अनेक देशांनी आपापल्या पदव्या परस्परांशी जुळत्या करण्याचे ठरविले, आणि 2003 मध्ये परमपीठही त्या व्यवस्थेत सामील झाले. म्हणून रोममधील विद्यापीठांत शिकलेल्या धर्मगुरूंच्या प्रमाणपत्रांवरही आता हे श्रेयांक आढळतात. आपल्या देशात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 मध्ये स्थापन झाले आणि श्रेयांकांची पद्धत घरी बसून शिकणाऱ्यांच्या परिचयाची झाली. साध्या कॉलेजांत ती सर्वदूर येण्यास मात्र बराच काळ लागला.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या पद्धतीला एक नवी जोड दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2021 मध्ये नियम करून 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' म्हणजे श्रेयांकांची पेढी उघडली. या पेढीत पैसा नाही. विद्यार्थी डिजिलॉकरवरून आपल्या नावाचे खाते उघडतो, त्याला बारा आकडी क्रमांक मिळतो. 'अपार' म्हणून जो क्रमांक शाळांतून सांगितला जातो तो याच व्यवस्थेचा भाग आहे. विद्यार्थी ज्या ज्या संस्थेत शिकतो ती ती संस्था त्याने मिळविलेले श्रेयांक या खात्यात भरते. विद्यार्थी स्वतः कागद नेऊन भरू शकत नाही, आणि हे योग्यच आहे. अन्यथा खोट्या गुणपत्रिकांचा सुळसुळाट व्हावयाचा. भरलेले श्रेयांक अधिकात अधिक सात वर्षे चालतात. पदवीस पुरेसे झाले की ते पदवी देणाऱ्या संस्थेकडे वळते केले जातात आणि एकदा वापरलेले पुन्हा वापरता येत नाहीत.

आपल्या वाचकांना यात अपरिचित असे काही वाटू नये. एखाद्याचा बाप्तिस्मा भालकीकडे झाला, तो कामाला पुण्यास गेला आणि लग्न सोलापूरला लागले, तरी लग्नाची नोंद बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत येऊन पडते. माणूस कोठेही जावो, त्याची मूळ नोंद एका ठिकाणी असते आणि दुसरे तेथे कळवितात. श्रेयांकांची पेढी साधारणपणे तेच काम करते. पूर्वी विद्यार्थ्याच्या शिक्षणाची नोंद कॉलेजाच्या कपाटात असे; आता ती विद्यार्थ्याच्या नावे असते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न मिटलाच की! खात्यात श्रेयांक आहेत, उचलले नि दुसऱ्या कॉलेजात दाखविले. परंतु येथेच आमच्या माहितीतील अनेक कुटुंबांची फसगत झाली आहे, आणि हाच मुद्दा आम्हांस सर्वांत ठळकपणे सांगावयाचा आहे. पेढी फक्त एवढेच सिद्ध करते की या मुलीने अमुक इतके शिकून पूर्ण केले. ते आपल्या पदवीसाठी धरावयाचे की नाही, आणि धरले तर कोणत्या विषयाऐवजी धरावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार नव्या विद्यापीठाचा असतो. रकमेची वही खरी आहे म्हणून दुकानदार हवा तो माल देईलच असे नाही. तो माल त्याच्या दुकानात असला पाहिजे.

एक उदाहरण सांगतो. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील मुलगी पलीकडच्या एका कॉलेजात कला शाखेचे पहिले वर्ष पास झाली. तिचे वडील बांधकामावर गवंडी होते. त्यांच्या पायाला इजा झाली, काम थांबले आणि सारे घर गावी परत आले. मुलीचे नाव इकडच्या कॉलेजात घालावयास ते गेले, तेव्हा कचेरीत त्यांना सांगण्यात आले की अभ्यासक्रम वेगळा आहे, पुन्हा पहिल्या वर्षात बसवा. घरी चर्चा झाली. चुलते म्हणाले, एक साल तर गेलेच, आता आणखी तीन सालांचा खर्च कशाला, स्थळ बघू. वडील काठी टेकत आमच्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, पोरीनं रातंदिन अभ्यास केला हो. ते सगळं मातीत घालायचं का?"

आम्ही म्हणालो, "अण्णा, तुम्हांला हे तोंडी सांगितले की लिहून दिले?"

"लिहून कोण देतंय, फादर? खिडकीतनंच सांगितलं."

"मग अजून काहीच ठरलेले नाही. तिच्या सगळ्या विषयांचा छापील अभ्यासक्रम आणा, गुणपत्रिका आणा, आणि अर्ज तिच्याच हातचा असू द्या."

मुलीने तो अर्ज स्वतः लिहिला. प्रत्येक विषयाचे नाव, श्रेयांक आणि कोणकोणते पाठ झाले हे तिने एका बाजूस मांडले. दुसऱ्या बाजूस नव्या कॉलेजातील पहिल्या वर्षाचे विषय मांडले. इतिहास आणि समाजशास्त्राचे विषय बहुतांशी जुळले. इंग्रजीही जुळले. जुळले नाहीत ते दोन विषय: एक इकडच्या राज्यापुरता नेमलेला होता, आणि दुसरा भाषेचा. अर्ज प्राचार्यांच्या शेऱ्यासह विद्यापीठाकडे गेला. काही आठवडे गेले. अखेर उत्तर आले की तिला दुसऱ्या वर्षात घ्यावे, आणि न जुळणारे दोन विषय तिने त्याच वर्षात जादा परीक्षा देऊन पूर्ण करावे. तिने ते केले. खिडकीपाशी ऐकलेले शेवटचे मानले असते तर तिचे शिक्षण तेथेच थांबले असते.

याच्या उलटही घडलेले आम्ही पाहिले आहे. एक हुशार मुलगा विज्ञान शाखेची तीन सत्रे करून परतला. त्याने कोणालाही न विचारता जुन्या कॉलेजातून नाव काढले, टी.सी. घेतली, आणि मग नव्या कॉलेजाची चौकशी केली. त्याचे मुख्य विषय जे होते त्यांची जोडी नव्या कॉलेजात नव्हतीच, आणि प्रवेशाची मुदतही संपली होती. जुन्या ठिकाणी परतण्याची वाट त्याने आधीच बंद केली होती. तो हैदराबादला एका गोदामात कामाला लागला. त्याचे श्रेयांक अजून त्याच्या खात्यात आहेत, एवढेच समाधान. सात वर्षांच्या आत त्याने परत यावे असे आम्ही त्याला प्रत्येक भेटीत सांगत असतो.

सध्याच्या काळी आपल्या भागात ही जुळणी अधिक बिकट होण्याचे आणखी एक कारण आहे. कर्नाटकाने 2021-22 पासून चार वर्षांच्या पदवीचा नवा आराखडा घेतला होता. परंतु मे 2024 च्या आदेशाने 2024-25 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी पुन्हा तीन वर्षांची पदवी आणि नवी विषयरचना आली. जे आधीच्या तीन वर्षांत दाखल झाले होते त्यांचा अभ्यास जुन्या आराखड्यानेच चालू ठेवण्यात आला. महाराष्ट्रातील संलग्न कॉलेजांनी मात्र त्याच 2024-25 पासून राष्ट्रीय धोरणाची चार वर्षांची रचना स्वीकारली. म्हणजे ज्या वर्षी अलीकडे एक दार बंद झाले, त्याच वर्षी पलीकडे तेच उघडले. दोन राज्यांच्या धोरणांत कोण बरोबर, हा वाद आम्ही येथे काढीत नाही. तो जाणत्यांनी करावा. आपल्याला एवढेच पाहावयाचे आहे की पलीकडे मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचा विषय, भाषा, भारतीय ज्ञानपरंपरा असे जे निरनिराळे कप्पे आहेत, ते अलीकडे तसेच असतील असे धरून चालता येत नाही. मुख्य विषयाचे श्रेयांक बहुधा सहज जुळतात. छोट्या छोट्या विषयांच्या बाबतीत अडते. मराठी भाषेचे श्रेयांक घेऊन येणाऱ्याने तर नव्या कॉलेजात मराठी शिकविण्याची सोय आहे की नाही, हे सर्वांआधी विचारावे.

आणखी एक हिशेब पालकांनी ध्यानी धरावा. पेढीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे, जी संस्था पदवी देणार तिच्याकडे विद्यार्थ्याने निदान अर्धे श्रेयांक मिळविलेले असले पाहिजेत. 120 श्रेयांकांची पदवी धरा. अर्धे म्हणजे 60. पहिल्या वर्षानंतर, म्हणजे 40 श्रेयांक घेऊन, जो जाईल त्याचे नव्या ठिकाणी 80 होतील. त्याला अडचण नाही. तीन सत्रांनंतर जो जाईल तो बरोबर 60 च्या काठावर असतो. दोन वर्षे पुरी करून 80 श्रेयांक घेऊन जो जाईल, त्याला नव्या ठिकाणी 40 च उरतात, आणि तेवढ्यावर नवी संस्था आपली पदवी देणार नाही. तात्पर्य, बदल करावयाचाच असेल तर तो लवकर करावा. दोन वर्षे झाली असतील तर नातेवाइकांकडे राहून, अथवा प्रसंगी थोडे कर्ज काढूनही, उरलेले वर्ष तेथेच पुरे करणे बहुधा स्वस्त पडते. पुष्कळ विद्यापीठे शेवटच्या वर्षात प्रवेश-बदल देतच नाहीत, तेही याच विचाराने.

परिचर्या, वैद्यक, कायदा, अभियांत्रिकी यांच्या बाबतीत त्या त्या परिषदांचे नियम वेगळे आणि कडक असतात. आपल्या धर्मग्रामांतून नर्सिंगला जाणाऱ्या मुली पुष्कळ. त्यांच्या पालकांनी वर सांगितलेला हिशेब तेथे लावू नये, संस्थेकडून व परिषदेकडून लेखी खुलासा घ्यावा.

आता ज्यांना असा बदल करावा लागणार आहे त्यांच्यासाठी आमचा अनुभवाचा सल्ला थोडक्यात देतो. पहिली गोष्ट, नवी जागा पक्की झाल्याशिवाय जुनी सोडू नये, टी.सी. सर्वांत शेवटी काढावी. दुसरी गोष्ट, डिजिलॉकरवर मुलाचे खाते आहे का आणि त्यात मागील सत्रांचे श्रेयांक खरोखर चढले आहेत का, हे आजच पाहावे. कितीदा तरी विद्यार्थी पास झालेला असतो, पण संस्थेने भरणा केलेला नसतो. शिवाय आधार कार्डावरील नाव आणि कॉलेजातील नाव यांत फरक असला तर खाते जुळत नाही. बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेचे दुसरे आणि घराण्याचे आडनाव तिसरे, असा घोळ आपल्या कुटुंबांत विशेष आढळतो. तो वेळीच निस्तरावा. तिसरी गोष्ट, प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम, ज्या वर्षी शिकला त्याच वर्षीचा, कॉलेजाच्या शिक्क्यासह जपून ठेवावा. जुळणी विषयाच्या नावावर होत नसून त्यातील पाठांवर होते. चौथी गोष्ट, अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि किती श्रेयांक धरले व कोणते विषय जादा द्यावे लागतील हे उत्तर लेखी मागावे. पाचवी गोष्ट, नव्या सत्राच्या आरंभापूर्वी निदान दोन महिने हे काम हाती घ्यावे. पेरणी आटोपल्यावर बघू असे म्हणणाऱ्याची मुदत टळून जाते.

ज्यांना काही विषय जादा द्यावे लागतात त्यांनी खिन्न होऊ नये. केंद्र सरकारने 2017 मध्ये सुरू केलेल्या 'स्वयम्' या ऑनलाइन व्यवस्थेवर अनेक विषय घरी बसून शिकता येतात, आणि एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक अशा रीतीने मिळविण्यास 2021 च्या नियमांनी मुभा दिली आहे. अट एवढीच की तो विषय आपल्या विद्यापीठाने आधी मान्य केलेला असावा. येथेही आधी विचारणे आणि मग शिकणे, हाच क्रम.

आता लेख संपविण्यापूर्वी आमच्या मुलींविषयी. आपल्या गावांत अजूनही पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात मुलीचे लग्न होते आणि पुस्तके ट्रंकेत जातात. सासर सीमेच्या दुसऱ्या बाजूस असले तर मग विचारूच नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात अशांसाठी एक सोय आहे. पहिले वर्ष पुरे करून 40 श्रेयांक मिळविलेल्या, आणि त्याशिवाय उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा एक व्यवसाय-विषय केलेल्या विद्यार्थ्यास शिक्षण थांबवावे लागले तरी प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनंतर तशाच अटीवर पदविका मिळते. तीन वर्षांच्या आत परत येऊन उरलेले शिक्षण चालू करता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. आपल्या विद्यापीठाने ही सोय ठेवली आहे की नाही हे त्या त्या ठिकाणी विचारावे. परंतु सोय असो वा नसो, सून शिकलेली आहे हे ज्या सासूसासऱ्यांना अभिमानाने सांगावेसे वाटते, त्यांनी तिच्या खात्यातील श्रेयांक सात वर्षांनी मातीमोल होऊ देऊ नयेत. लग्न ठरविताना मानपान, देणेघेणे, जेवणावळ यांची बोलणी आपण तासन् तास करतो. मुलीचे उरलेले शिक्षण कोठे आणि कसे पुरे होईल, हाही त्या बैठकीत विचारण्याजोगा प्रश्न आहे. आमच्यासमोर विवाहाची नोंद करावयास येणाऱ्या जोडप्यांना आता आम्ही तो विचारीत असतो. प्रारंभी लोक हसत, आता उत्तर तयार ठेवून येतात.

मध्ययुगात, 1233 साली, पोप नववे ग्रेगरी यांनी फ्रान्समधील तुलूझ येथील विद्यापीठाला असा अधिकार दिला होता की तेथे प्रमाणित झालेल्या अध्यापकास पुन्हा परीक्षा न देता कोठेही शिकविता यावे. एका ठिकाणची विद्या दुसऱ्या ठिकाणी मान्य व्हावी ही इच्छा इतकी जुनी आहे. त्या काळी ती मोजक्या पंडितांपुरती होती. आज ती गवंड्याच्या मुलीपर्यंत आली आहे. कायद्याने तिच्या नावाचे खाते उघडले, हे उत्तम झाले. पण त्या खात्याचा उपयोग करून घेणे कायद्याच्या हाती नाही. त्यासाठी कचेरीच्या खिडकीपाशी दोनदा उभे राहणारा बाप हवा, कागद जपून ठेवणारी आई हवी, आणि अर्ज स्वतः लिहिण्याचे धैर्य असलेली मुलगी हवी.

ज्यांच्या घरी असा प्रश्न उभा असेल त्यांनी या आठवड्यातच मुलांच्या गुणपत्रिका आणि डिजिलॉकरचे खाते एकत्र ठेवून पाहावे. काही अडले तर आपल्या धर्मगुरूंकडे अथवा गावातील एखाद्या जाणत्या शिक्षकाकडे जावे. परंतु कोणीतरी तोंडी सांगितले म्हणून शिकलेले वर्ष बुडाले असे मानून गप्प बसू नये, एवढीच आमची विनंती.